रिकाम्या जागा भरू नका

जंगल खात्यात उभा जन्म काढलेला माणूस दिवाळी अंकात लिहायला बसला, की त्याने वाघ काढायचा असतो. वाघ नसेल तर बिबट्या, तोही नसेल तर अस्वल आणि अस्वलाने ओरबाडलेला एखादा गार्ड. संपादकांनी फोनवर तसं सुचवलंही. मी म्हटलं, "माझ्याकडे टिटवीहून लहान एक पाखरू आहे. त्याला झाड लागत नाही, घरटं बांधता येत नाही आणि गळा म्हणाल तर यथातथाच." मग त्यांनी विचारलं, "फोटो तरी आहे का?" फोटोही नाही. तरीही ते लेख छापताहेत, यावरून यंदा अंकात किती जागा शिल्लक असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

मी मूळचा मेढ्याकडचा. आमच्याकडे जंगल म्हणजे जंगल, आत गेलेली म्हैस पुन्हा दिसेलच याची खात्री नसते. नोकरीची सुरुवातीची वर्षं पाटणच्या बाजूला गेली. तिथे माझं काम सोपं होतं. झाड तोडणारा माणूस पकडायचा, त्याची कुऱ्हाड जप्त करायची आणि त्याच्या बायकोच्या शिव्या ऐकायच्या. तिन्ही कामं मी चोख केली. इतकी चोख, की एकदा भलत्याच माणसाच्या मेव्हण्याचा लाकडाचा ट्रक धरला आणि आठवड्यात माझी बदली झाली. "कदम, तुम्हाला जरा मोकळ्या हवेची गरज आहे," असं वरिष्ठ म्हणाले आणि ते शब्दाला जागले. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पूर्वेला जिथे एकमेकांना खेटतात, त्या टापूत मोकळ्या हवेशिवाय दुसरं काही नव्हतं. ही गोष्ट नव्वद सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली.

रुजू झालो त्या दिवशी तिथल्या जुन्या गार्डला विचारलं, "आपलं जंगल कुठंय?"

त्याने हात सगळीकडे फिरवला. "ह्येच की."

समोर माळ होता. मुरूम, कुसळी गवत, मधूनमधून काळा खडक, आणि पार क्षितिजापर्यंत दुसरं काहीच नाही. मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. तो अगदी गंभीर होता.

आता जरा धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या खात्याच्या भाषेत, ज्या वनजमिनीवर झाड नाही तिला 'रिक्त क्षेत्र' म्हणतात. मग तिथे कमरेएवढं गवत असो, हजार पाखरं असोत, की पंचक्रोशीतली मेंढरं पिढ्यान्पिढ्या तिथे जगत असोत. झाड नाही म्हणजे रिकामी. आणि शाळेत 'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न सोडवून मोठी झालेली माणसं रिकामी जागा दिसली की स्वस्थ बसू शकत नाहीत. माझ्या आधीच्या पिढीतल्या साहेबांनाही बसवलं नाही. त्यांनी या माळावर वेडी बाभूळ पेरली. पाणी लागत नाही, राखण लागत नाही, जनावर पाला खात नाही. सरकारी झाड म्हणून याहून लायक उमेदवार मिळणं कठीण. शेळ्यामेंढ्या तिच्या गोड शेंगा मात्र आवडीने खातात आणि जातील तिथे लेंड्यांतून बी टाकतात. त्यामुळे काही वर्षांत माळाचा निम्मा भाग काट्यांनी गिळला. खालचं गवत मेलं. या बाभळीला 'वेडी' हे नाव कुणी दिलं कोण जाणे. ती चांगली शहाणी आहे, वेडे ते तिला लावणारे.

तासगावचे शांतिनाथभाऊ मला तिथेच भेटले. जैन गृहस्थ, बेदाण्याचे व्यापारी, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात दुर्बीण, आणि उन्हातान्हात एम-एटी गाडी दामटत माळ पालथा घालायचा नाद. पहिल्यांदा मी त्यांना चोरटा शिकारी समजून हटकलं. ज्या माणसाने आयुष्यात ढेकूण मारला नव्हता त्याला मी शिकारी म्हटलं, हे ते पुढे येईल त्याला हसून सांगायचे.

"साहेब, तुमी धाविक बघितलाय काय?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यांनी दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली. मातकट रंगाचं, उंच पायांचं एक पाखरू तुरुतुरु पळत आलं, गचकन थांबलं, वाकून जमिनीतलं काहीतरी टिपलं, पुन्हा पळालं. साहेब येताना दिसल्यावर आमच्या ऑफिसातला शिपाई असाच पळतो आणि असाच वाकतो.

"ह्यो झाडावर बसत नाही. घरटं बांधत नाही. उघड्या मुरमावर अंडी घालतोय," शांतिनाथभाऊ म्हणाले. "चौफेर दिसलं पाहिजे त्याला. कोल्हा आला, मुंगूस आलं, लांबनं कळलं पाहिजे. झुडूप आलं की दुश्मनाला आडोसा झाला. पलीकडच्या बाभळीत आता एक बी धाविक नाही बघा. हिकडं जे राहिल्यात, ते शेवटचे."

माझं आतापर्यंतचं सगळं ज्ञान असं होतं, की पाखरू असतं ते झाडावर. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की रिकामी म्हणून आम्ही जी जागा भरत सुटलो होतो, तिथे कुणीतरी आधीच राहत होतं.

नशिबाने त्याच सुमारास खात्यात वर एक पक्षीवेडे अधिकारी आले. शांतिनाथभाऊ त्यांना जाऊन भेटले आणि माळावरची झुडपं काढून गवत परत आणण्याच्या प्रयोगाला मंजुरी मिळाली. अर्थात मंजुरी देताच त्या अधिकाऱ्यांची बदली झाली. चांगलं काम करणाऱ्याला खातं फार काळ एका जागी शिणू देत नाही. मागे राहिला त्यांचा आदेश, आणि तो पाळायला मी.

उभ्या आयुष्यात ज्याने झाड तोडणाऱ्यांना पकडलं, त्याने सरकारी हुकुमाने झाडं तोडायला काढली. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तालुक्याला तक्रार केली, की फारेस्टरच जंगल खातोय. आमचे रेंजरसाहेब चौकशीला आले. माणूस वाईट नव्हता. फक्त झाड म्हटलं की त्यांचे डोळे पाणवायचे आणि वरून फोन आला की पाय लटपटायचे. आदेशावर खाली त्यांचीच सही होती, ती मी दाखवली. ती वाचून ते म्हणाले, "सही माझी आहे, पण मला हे पटलेलं नाही, हे लक्षात ठेवा." मी लक्षात ठेवलं.

मजुरांनी कुऱ्हाडी घेऊन भराभर बाभळी आडव्या केल्या. माळ स्वच्छ दिसू लागला, फोटो निघाले, वर अहवाल गेला. पाऊस पडला आणि प्रत्येक खुंटातून दहा-दहा फोक फुटले. एकाची दहा झाडं करायची असतील तर वेडी बाभूळ वरून तोडावी, हे त्या वर्षी आम्ही सरकारी खर्चाने सिद्ध केलं. हिचा जीव वर नसतो, जमिनीखाली वीतभर बुडख्यात असतो. दुसऱ्या वर्षी कुऱ्हाडी बाजूला ठेवल्या, कुदळी आणि पहारी घेतल्या, आणि एकेक बुडखा खणून उपटला. शांतिनाथभाऊ सुट्टीच्या दिवशी यायचे आणि प्रत्येक झुडपावर आधी काठी आपटायचे, आतला सरडा-बिरडा निघून जावा म्हणून. मजूर हसायचे. मग तेही आपटायला लागले, कारण तेवढीच विश्रांती.

पण खरी मेख पुढेच होती. जमिनीत पडलेलं बी दर पावसाला उगवतं. ती बोटभर रोपं ओल असतानाच उपटावी लागतात आणि त्याला रोज माळावर हिंडणारं माणूस लागतं. ते काम हौसाक्कांनी उचललं.

हौसाक्का जवळच्या वाडीतल्या धनगरीण. वय साठीच्या आसपास, कपाळभर कुंकू, आणि आवाज असा, की माळाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाची मेंढरं माना वर करायची. बाभळीने त्यांच्या मेंढरांचं रान खाल्लं होतं. माझ्या आणि त्यांच्यात एक तोंडी करार झाला. मेंढरं राखता राखता त्यांनी रोपं उपटायची आणि मी चराईकडे डोळेझाक करायची. मेंढरं फिरली की गवत आखूड राहतं, आणि धाविकाला आखूड गवतच लागतं, म्हणजे ही डोळेझाकही कामाचाच भाग होती. पण हे रेंजरसाहेबांना सांगायची माझी छाती नव्हती.

तिसऱ्या वर्षी माळाचं रूप पालटलं. पवन्या, मारवेल ही जुनी गवतं परत आली. चंडोल गायला लागले. आणि मे महिन्याच्या सुरुवातीला, जिथे दोन वर्षांपूर्वी पाय ठेवायला जागा नव्हती तिथल्या उघड्या मुरमावर शांतिनाथभाऊंना धाविकाची दोन अंडी दिसली. अंडी कसली, ठिपक्याठिपक्यांचे खडेच. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसालाही दिसू नयेत अशी. भाऊंनी माझा हात धरला आणि तो त्यांना बराच वेळ सोडता येईना. मलाही भरून आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून काही नवीन जन्माला येतंय, असं पहिल्यांदाच वाटलं.

त्याच आठवड्यात रेंजरसाहेब आले. जीपमधून उतरले, कमरेवर हात ठेवून माळ पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा, कदम! काय सुंदर रिक्त क्षेत्र तयार केलंत!"

मी म्हटलं, "साहेब, ते रिक्त नाही. ते गवत आहे."

"तेच म्हणतोय मी. आता इथे रोपवन घेऊ. खड्डे या महिन्यात, रोपं पावसात. खड्डे खोदाईच्या शुभारंभाला पाहुणेही ठरलेत." पाहुणे म्हणजे त्या भागातले पुढारी. आपल्याकडे इमारतीचं भूमिपूजन होतं, रस्त्याचं होतं. खड्ड्याचं भूमिपूजन मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

रोपवन म्हणजे धाविक गेला. रोपवन म्हणजे चराईबंदी, म्हणजे हौसाक्कांची मेंढरंही गेली. मी आदेश दाखवला, अंडी असल्याचं सांगितलं. साहेब समजुतीने म्हणाले, "अहो, पाखरांसाठीच तर झाडं लावतोय." मी कपाळाला हात लावला.

समारंभाच्या आदल्या दिवशी मजुरांनी माळभर पांढऱ्या फक्कीने खड्ड्यांच्या खुणा टाकल्या. एक फुली नेमकी अंड्यांच्या शेजारी पडली. मला आणखी काही सुचेना. हद्दीच्या खांबांसाठी आणलेला चुना उरला होता. चार दगड रंगवले आणि अंड्यांच्या चार बाजूंना, पाखरू बिचकणार नाही इतक्या अंतरावर ठेवले. मजुरांना बजावलं, या दगडांच्या आत कुणी पाय घालायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर चारही दगडांवर भंडारा. पिवळेधमक. शेजारी हौसाक्का उभ्या.

"ही दगडं कुणी मांडल्याती, सायेब?"

"मी मांडलीत."

"कोण देव म्हनायचा ह्यो?"

"अक्का, देव नाही हो. मधे पाखराची अंडी आहेत. कुणी तुडवू नये म्हणून खूण केली."

त्यांनी वाकून निरखून पाहिलं. अंडी दिसायला त्यांनाही वेळ लागला. "म्या चुना बगितला. म्हटलं, कोन तरी बसलंय. म्हून भंडारा टाकला."

"चुकून टाकलात तुम्ही. पुसू का?"

त्या माझ्याकडे असं बघायला लागल्या, की मला माझीच लाज वाटली. "आवं, टाकल्याला भंडारा कवा कोन माघारी घेतंय व्हय? आन् चुकून कसं? बसलंय की कोन तरी हितं. अंडी घालून बसलंय."

ऊन चढेपर्यंत मांडव भरला होता. कर्णा लागला होता. कुदळीला लाल रिबीन बांधली होती. पाहुणे उतरले, हारतुरे झाले, आणि रेंजरसाहेब त्यांना पहिल्या खड्ड्याच्या खुणेकडे घेऊन निघाले. ती खूण अर्थातच दगडांच्या शेजारची.

पाहुणे थबकले. "इथं कोण देव आहे?"

साहेबांनी दगड पाहिले, भंडारा पाहिला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. "कदम?"

मी तोंड उघडण्याआधी हौसाक्का गरजल्या, "नवा हाय. कालच बसलाय."

पाहुण्यांनी चपला काढल्या. पुढाऱ्याने चपला काढल्यावर मागच्यांनी काढल्या, त्यांच्यामागे साहेबांनी बूट काढले. कुदळीसाठी आणलेला नारळ दगडावर फुटला. माणसं पुढे सरकली, गर्दी झाली, कुणी उदबत्त्या पेटवल्या. खड्ड्याचा विषय कुणाच्या ध्यानातही राहिला नाही. मला हसू आवरेना. शांतिनाथभाऊंनी माझी बाही ओढली.

"कदमसाहेब, पाखरू उठलंय. ऊन बघा की हो. अंडी शिजतील."

माझं हसू तिथेच वाळलं. मे महिन्यातल्या दुपारी धाविक अंड्यांवर ऊब द्यायला बसत नाही, सावली धरायला उभा राहतो. तो दूर होऊन थोडा वेळ गेला तरी संपलं. ते पाखरू पलीकडे मुरमावर पळत होतं, थांबत होतं, परत फिरत होतं. मधे देवभक्तांची भिंत. खड्ड्यापासून वाचवलेली अंडी आम्ही आता पूजेने मारणार होतो.

भाऊंना धीर निघेना. ते गर्दीत घुसले आणि आपली काळी छत्री उघडून अंड्यांवर धरून उभे राहिले. लोकांना वाटलं, देवावर छत्र धरलंय, म्हणजे हाच पुजारी. त्यांनी भाऊंच्या पाया पडायला सुरुवात केली. त्या जैन गृहस्थाच्या हातात कुणी नारळ दिला, कुणी खडीसाखर, आणि तो बिचारा छत्री सोडून पाय मागे घेऊ शकत नव्हता.

मग मी ओरडलो. कुठून आवाज आला ते ठाऊक नाही. "मागे व्हा! या देवाला लांबूनच नमस्कार करायचा असतो!"

सगळे वळले. पाहुणे म्हणाले, "असं कुठल्या देवाला असतं?"

"याच देवाला."

खाकी वर्दीतला माणूस धर्मशास्त्र सांगतोय, हे बघून रेंजरसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण हौसाक्का मेंढरं हाकतात तशी माणसं हाकायला लागल्या. "सरा, सरा मागं! गर्दी सोसत न्हाई त्येला. उटून गेला म्हंजी कोन जबाबदार?"

देव उठून जाण्याची जबाबदारी घ्यायला पुढारी काय, कुणीच तयार नव्हतं. माणसं मागे सरली, पार रस्त्यापर्यंत. पाहुणे जाताना साहेबांना म्हणाले, "देवाच्या जागेत कुदळ नको. तुमचं काय ते तिकडं पश्चिमेला करा." आणि रिबिनीची कुदळ पश्चिमेला गेली.

आम्ही तिघं रस्त्याकडेला उभे राहिलो. पाखरू पळालं, थांबलं, वाकलं. पुन्हा पळालं. दगडांच्या आत शिरलं, आणि अंड्यांवर पंख जरासे पसरून उभं राहिलं. भाऊ रडायला लागले. हौसाक्कांनी त्यांच्या हातातला नारळ काढून घेतला, फोडला, आणि खोबरं तिघांत वाटलं.

पिल्लं निघाली आणि धाविकाच्या रीतीप्रमाणे लगोलग आईबापांमागे पळूही लागली. माझ्या हाती मात्र खुलासा मागणारा कागद पडला. वनजमिनीवर देवस्थानाचं अतिक्रमण झालंच कसं? अतिक्रमण रोखणं माझं कर्तव्य होतं, आणि अतिक्रमण करणारा मीच होतो. मी 'देव हटवण्यात येत आहे' असं कळवलं आणि जड मनाने हौसाक्कांना सांगायला गेलो.

"न्या की," त्या म्हणाल्या. "पिल्लं गेली न्हवं? मग त्येचं काम झालं. फुडल्या सालाला पाखरू बसंल तितं परत मांडू."

पश्चिमेच्या रोपवनाचं काय झालं विचारू नका. रोपं पहिल्या उन्हाळ्यात वाळली. खणलेल्या भुसभुशीत खड्ड्यांत वेडी बाभूळ आपली आपण आली, तरारून आली. अहवालात ते रोपवन यशस्वी आहे, कारण तिथे झाडं आहेत. अर्धा माळ मी वाचवू शकलो नाही, याचं दुःख आहे. ते अजून जात नाही.

पूर्वेच्या भागात मी असेपर्यंत दर उन्हाळ्यात देव बसायचा आणि पावसाआधी उठायचा. जागा दर वर्षी वेगळी. मग माझी बदली झाली. मधल्या काळात शांतिनाथभाऊ गेले, हौसाक्काही गेल्या. मला दोन्ही वेळा उशिरा कळलं. आता तिथे बघण्यासारखं काही उरलं नसणार असं धरून, निवृत्तीनंतर बरीच वर्षं मी त्या बाजूला फिरकलोच नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिकडे एका लग्नाला गेलो होतो. राहवलं नाही, चालत माळावर गेलो. पश्चिमेला काळंहिरवं काट्यांचं रान होतं. पूर्वेला गवत होतं, वाऱ्याने लवणारं. आणि गवताच्या पलीकडे, जिथे मी कधीच काही मांडलं नव्हतं अशा उघड्या मुरमावर, चार दगड. चुना ताजा होता, भंडारा त्याहून ताजा.

मी पुढे निघालो तशी मेंढरांमागून हाक आली. ओळखदेख नसलेला पस्तिशीचा एक गडी होता.

"ओ पाव्हणं! थांबा तितंच. लांबनं पाया पडत्यात त्येच्या."

"का रं?" मी विचारलं. "कुणाचा देव हाय?"

"कुणाचा कसला? पाखराचा," तो म्हणाला. "जवळ गेलं की उटून जातंय."

मी होतो तिथेच थांबलो, पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले.